आयबीएम की आयनक्यू: प्रकल्पासाठी कुणाचं क्वांटम यंत्र?

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी आयबीएमचा क्वांटम संगणक वापरावा की आयनक्यू या कंपनीचा, यात भाची अडकलीय. क्युबिट म्हणजे अशा संगणकातला माहितीचा मूळ घटक; त्याच्या आकड्यांच्या जाहिराती आधी बाजूला ठेवू. आयबीएमनं २०२३ मध्ये ११२१ क्युबिटची कॉन्डॉर चिप दाखवली खरी, पण पुढची भिस्त ठेवली ती १३३ क्युबिटच्या हेरॉनवर, कारण तिच्यात चुका कमी.

खर्चात आयबीएम सरस. त्यांची यंत्रं २०१६ पासून क्लाउडवर आहेत आणि मोफत योजनेत थोडी मिनिटं मिळतात. आयनक्यू ॲमेझॉनच्या ब्रॅकेट या क्लाउड सेवेवरून घेतलं, तर शॉटमागे, म्हणजे गणनेच्या प्रत्येक फेरीमागे, पैसे.

खरा फरक जोडणीत आहे. आयबीएमच्या अतिवाहक (सुपरकंडक्टिंग) चिपवर क्युबिटची थेट गाठ फक्त शेजाऱ्याशी. लांबच्या क्युबिटशी व्यवहार करायचा, तर मधे स्वॅप, म्हणजे शेजारच्या क्युबिटांच्या अवस्थांची अदलाबदल, घालावे लागतात, आणि प्रत्येक स्वॅप चुकांची भर घालतो. आयनक्यूचे क्युबिट म्हणजे सापळ्यात धरलेले आयन (विद्युतभारित अणू); त्यातला कुठलाही आयन कुठल्याही आयनाशी थेट जोडता येतो. वेगात मात्र आयन फारच मागे. अतिवाहक चिपवरचं गेट, म्हणजे क्युबिटवरची एक मूळ क्रिया, नॅनोसेकंदांत उरकतं, आयनांचं मायक्रोसेकंदांत.

तेव्हा हात बसवायचा असेल, भरपूर शॉट हवे असतील, तर आयबीएम. आयबीएमच्या क्विस्किट या प्रोग्रॅमिंग साधनाचं शिकवणीचं साहित्यही मुबलक आहे. सर्किट (गेटांची मालिका) लहान पण जोडण्या दाट असतील आणि गाइडकडे निधी असेल, तर आयनक्यू. निधी नसेल, तर प्रश्नच मिटला.