अकरा महिने वापरल्यावर: ऍप्टीचं अ‍ॅप, बोलायची परीक्षा आणि आमचा कुलर

नोकरीच्या परीक्षांची तयारी करून घेणारं हे अ‍ॅप. यात मॉक, म्हणजे सराव परीक्षा, किती, कोणत्या कंपनीच्या पॅटर्नचे, हे सगळं अ‍ॅपवाल्यांनीच लिहून ठेवलंय, ते मी परत लिहीत नाही. गेल्या मे महिन्यात, सहावं सेमिस्टर संपत आलं तेव्हा, वर्षभराचा प्लॅन घेतला. 1,499 रुपये. गेल्या खरिपात बीजी-2 कपाशीचं पाकीट 901 रुपयांना होतं. म्हणजे बाबांच्या हिशेबाने मी दीड पाकिटापेक्षा जास्त बियाणं मोबाइलमध्ये पेरलं. पेरणी होईपर्यंत हे वाक्य रोज ऐकलं, त्यामुळे एकही मॉक वाया जाऊ द्यायचा नाही असं ठरवूनच वापरलं.

ऍप्टीचं, म्हणजे अ‍ॅप्टिट्यूडचं, आधी उरकते. क्वांट (गणितं) आणि रिझनिंग (तर्काचे प्रश्न) चांगलं आहे. गणितं सोडवून दाखवणारे सर हिंदीत बोलतात, समजतं. सेक्शनचा टायमर खऱ्यासारखा चालतो. एनक्यूटीत, म्हणजे टीसीएसच्या भरती परीक्षेत, निगेटिव्ह मार्किंग नसतं, तिथे एकही प्रश्न सोडायचा नाही. नोकरीसाठीच्या दुसऱ्या एका परीक्षेत, अ‍ॅमकॅटमध्ये उत्तरं बरोबर येत गेली की प्रश्न अवघड होत जातात आणि मागे फिरून उत्तर बदलता येत नाही. दोन्हीची सवय इथेच लागली. 'नंतर बघू' म्हणून प्रश्न सोडायची माझी दहावीपासूनची खोड अ‍ॅमकॅटच्या मॉकने पंधरा दिवसांत मोडली. एवढ्यासाठी पैसे वसूल म्हणता आले असते.

पण मला लिहायचंय ते बोलायच्या परीक्षेबद्दल.

ज्यांना माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद सोडा. बऱ्याच कंपन्या हल्ली इंटरव्ह्यूच्या आधी मशीनपुढे इंग्रजी बोलायला लावतात. व्हर्संट हे त्यातलं जुनं नाव. पंधरा-सतरा मिनिटांचा खेळ. वाक्य वाचा, एकदाच ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणा, उलटसुलट आलेले तुकडे जोडा, गोष्ट ऐकून आपल्या शब्दांत सांगा. मार्क मशीनच देतं. शेवटी मोकळं बोलायला लावतात, ते मशीन तपासत नाही, आणि नेमकं तेवढंच माझं बरं होतं. अ‍ॅपमध्ये याच धर्तीची स्पीकिंग राउंड आहे, शंभरपैकी.

मे महिन्यात मला पडले 34. मग 31, मग 36. खाली दर वेळी एकच सल्ला: 'उच्चार सुधारा.'

आमचं घर दोन खोल्यांचं, वर टिन. दारव्हा तालुक्यात मे महिन्यात दुपारी घरात कुलरशिवाय बसून दाखवावं कोणी. आणि आमचा कुलर म्हणजे लोखंडी डबा, गवत दोन वर्षांपूर्वीचं, मोटर सुरू झाली की भिंतीवरचं कॅलेंडरही थरथरतं. मला वाटलं, मार्क खातोय तो हाच. म्हणून राउंड सुरू करायच्या आधी मी कुलर बंद करायची. पंखाही. पंधरा मिनिटं. आजी खाटेवरून ओरडायची, "काहून बंद केला वं कुलर? जीव घेतं का माहा?" हे तिचं वाक्य माझ्या तीन रेकॉर्डिंगमध्ये आहे. मशीनने त्याचेही मार्क कापले असतील.

अ‍ॅपवाल्यांना मेल केला की आवाजामुळे मार्क जातात, काही सोय करा. उत्तर आलं, शांत खोलीत परीक्षा द्या. पुन्हा लिहिलं, शांत खोली नाही, शेजारी पिठाची चक्की आहे, निम्मे पैसे परत द्या. पुन्हा तेच उत्तर, या वेळी खाली हसरा चेहरा. तिसऱ्या मेलला उत्तरच नाही. जूनच्या शेवटी पाऊस आला, कुलर आपोआप बंद झाला, तर टिनावर पाणी वाजायला लागलं. 29.

ऑगस्टमध्ये कॉलेजात कंपन्यांच्या भरतीच्या ड्राइव्ह सुरू झाल्या. कॉलेजच्या लॅबमध्ये प्लेसमेंटचं बघणाऱ्या टीपीओ सरांनी सगळ्यांना हेडसेट लावून मॉक द्यायला बसवलं. मी माझ्याच लॉगिनने हीच राउंड दिली. 52! उच्चार तोच, दारव्ह्याचाच. आठवड्यात एवढं इंग्रजी तर कोणी शिकत नाही.

तो हेडसेट सरांकडून दोन दिवसांसाठी मागून घरी आणला. पाऊस उघडला होता, उकाडा होताच. एकदा कुलर बंद करून दिली, 51. एकदा मुद्दाम पूर्ण वेगात चालू ठेवून, 49. दोन मार्कांचा फरक. दोन मार्कांसाठी मी अख्खा मे आजीला भाजलं होतं.

मग दोष कशाचा? स्टँडवरून 120 रुपयांत घेतलेल्या इअरफोनचा. त्याचा माइक वायरीवर लोंबतो, गळ्याशी. हेडसेटचा माइक ओठांपाशी असतो, त्यामुळे आपला आवाज मोठा जातो आणि मागचा आवाज मागेच राहतो. हे मला आधी का कळलं नाही, तर आपलं रेकॉर्डिंग ऐकायचं बटण या अ‍ॅपने रिपोर्टच्या तिसऱ्या पानावर, आलेखाच्या खाली, फिक्या करड्या रंगात दडवून ठेवलंय. मला ते ऑक्टोबरमध्ये सापडलं, तेही चुकून बोट लागलं म्हणून. मे महिन्याचं रेकॉर्डिंग लावलं. कुलर नव्हता, पंखा नव्हता, आजी एकदा होती. बाकी सगळा वेळ नुसतं खर्र-खर्र, वायरीवरचा माइक ओढणीला घासत होता.

आणि अजून एक. वाक्य ऐकलं की मी बीप वाजायच्या आधीच बोलायला लागायची, घाई म्हणून. त्यामुळे प्रत्येक वाक्याचे पहिले एक-दोन शब्द गायब. 'द मीटिंग हॅज बीन मूव्हड टू थर्सडे' मधलं माझ्या रेकॉर्डिंगमध्ये फक्त 'हॅज बीन मूव्हड'पासून पुढचं होतं. यात उच्चाराचा काय संबंध? 'बीपनंतर बोला' एवढं एक वाक्य रिपोर्टमध्ये असतं तर माझे पाच महिने वाचले असते. ते बटण वर, ठळक रंगात आणा, असा चौथा मेल केला. त्याचंही उत्तर नाही. मी अजून त्या बटणावरच अडकलेय हे मला माहीत आहे. घरचेही सांगतात.

यवतमाळहून 650 चा हेडसेट घेतला. बाबांनी पाकिटांचा हिशेब केला नाही, तेव्हा वेचणी सुरू होती आणि ते बोलायच्या मूडमध्ये नव्हते. बीपनंतर मनात 'एक' म्हणून मग बोलायचं, एवढीच सवय लावली. डिसेंबरपर्यंत 58 ते 63 च्या मधे.

इथपर्यंत मागच्या आठवड्यात लिहून दोन स्टार द्यायचे ठरवले होते. पण एक गोष्ट लिहायची राहून जात होती, ती न लिहिणं बरोबर नाही.

जानेवारीत नागपूरला पूल ड्राइव्ह, म्हणजे बऱ्याच कॉलेजांची एकत्र भरती, होती. बोलायची राउंड एका मोठ्या लॅबमध्ये, साठेक जण, सगळे एकाच वेळी हेडसेट लावून मोठ्याने इंग्रजी बोलताहेत. माझ्या उजवीकडचा मुलगा एवढ्या जोरात वाचत होता की मला माझं वाक्य सोडून त्याचंच ऐकू यायचं. शहरातल्या कॉलेजची एक मुलगी दोनदा उठून मॅडमना सांगून आली, मॅम, इट्स टू नॉइझी. मला काहीच वाटलं नाही. चक्की, टिन, कुलर, आजी, एवढ्या सगळ्यांत मी तीसपेक्षा जास्त राउंड दिल्या होत्या. ती राउंड निघाली. पुढे टेक्निकल इंटरव्ह्यूमध्ये डीबीएमएसवर (डेटाबेसच्या विषयावर) अडकले, ती चूक माझी, अ‍ॅपची नाही.

म्हणून तीन स्टार. ऍप्टीसाठी घ्यायचं तर जरूर घ्या. बोलायच्या राउंडसाठी आधी बरा हेडसेट घ्या आणि पहिल्याच दिवशी रिपोर्टच्या तिसऱ्या पानावर अगदी खाली जा.

आता एप्रिल आहे, कुलर पुन्हा खिडकीत लागलाय, या वेळी गवत नवं. मी राउंड देत असताना तो चालूच असतो, आजी झोपलेली असते. मेंबरशिप पुढच्या महिन्यात संपते. 'फक्त आज 40 टक्के सूट' असा मेसेज एकोणीस दिवसांपासून रोज येतोय. 60 टक्क्यांवर आले की बघू.