कोरड्या डोळ्यांचे थेंब: प्रिझर्व्हेटिव्ह असलेले की नसलेले?

मेडिकलमध्ये कोरड्या डोळ्यांसाठी थेंब मागितले की बहुतेकदा कार्बोक्सिमिथाइलसेल्युलोजची बाटली हातात पडते. ओलावा देणारं औषध बऱ्याच ब्रँडमध्ये हेच असतं. निवड करायची ती लेबलवरचं प्रिझर्व्हेटिव्हचं, म्हणजे बाटलीत जंतू वाढू न देणाऱ्या रसायनाचं, नाव वाचून.

तिथे बेन्झाल्कोनियम क्लोराइड दिसलं, तर मी ती बाटली घेणार नाही. जंतू मारण्यात ते तरबेज आहे, पण मुळात ते डिटर्जंट आहे. जंतूचं आवरण फोडतं, तसाच अश्रूंवरचा तेलाचा पातळ थरही विस्कटतं आणि बुबुळाच्या वरच्या पेशींना इजा करतं. ज्याचे डोळे कोरडे, त्याच्या डोळ्यात ते धुऊन काढायला अश्रूही कमी. काचबिंदूच्या अनेक थेंबांत तेच असतं, म्हणजे अशा रुग्णाला दुहेरी मारा. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स तर ते शोषून धरते.

सौम्य पर्याय आहेत. स्टॅबिलाइज्ड ऑक्सिक्लोरो कॉम्प्लेक्स डोळ्यात गेल्यावर मीठ, पाणी आणि ऑक्सिजनमध्ये विघटित होतं. सोडियम परबोरेटचंही शेवटी पाणी आणि ऑक्सिजनच होतं. दिवसातून दोन-तीनदा थेंब लागत असतील, तर एवढं पुरे. खिशालाही परवडतं.

रोज चार-सहा वेळांहून जास्त लागत असतील, काचबिंदूचं औषध चालू असेल किंवा सौम्य थेंबांनीही चुरचुरत असेल, तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलेच घ्या. महाग पडतात, पण इथे काटकसर नको.

मात्र ते कशात भरलेत हेही तितकंच बघा. अमेरिकेत 2022-23 मध्ये चेन्नईत बनलेल्या, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या थेंबांशी जोडलेली स्यूडोमोनास जंतूची साथ पसरली. 18 राज्यांत 81 रुग्ण, 4 मृत्यू. काहींची दृष्टी गेली. पुरेसं प्रिझर्व्हेटिव्ह नसताना थेंब पुन्हापुन्हा वापरायच्या बाटलीत भरल्याबद्दल तिथल्या औषध प्रशासनाने कंपनीला दोष दिला. कारखान्यातल्या निर्जंतुकतेबद्दलही आक्षेप होते. म्हणून एकेरी वापराच्या छोट्या कुप्या घ्या, नाहीतर जंतू आत जाऊ न देणाऱ्या खास व्हॉल्व्हची बाटली. कुपीत उरलेलं औषध संध्याकाळसाठी ठेवू नका. साधी बाटली उघडल्यावर साधारण महिन्याभरात टाकून द्या. उघडल्याची तारीख तिच्यावरच लिहा. डोळा दुखला, चिकट स्राव आला किंवा दिसायला धूसर झालं, तर थेंब बदलत न बसता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवा.