आधी मूनस्टोन की आधी राजाबाई टॉवर?

व्हिक्टोरिया राणीच्या काळातली रहस्यकादंबरी वाचायची ठरवली की दोन फडताळांसमोर उभं राहावं लागतं. एकावर त्याच काळात लिहिलेली पुस्तकं असतात. त्यांच्या लेखकांना घोडागाडी आणि गॅसचा दिवा रोजचाच होता. दुसऱ्यावर शे-सव्वाशे वर्षांनी, जुनी वर्तमानपत्रं आणि खटल्यांचे कागद धुंडाळून लिहिलेली. खून, संशयित, वाडा, नोकरचाकर दोन्हीकडे सारखेच, पण वाचण्याचा अनुभव पार वेगळा. चुकीचं पुस्तक आधी हातात पडलं तर माणूस 'हा प्रकार आपला नाही' म्हणून मोकळा होतो. मी कॉलेजात असताना तसाच झालो होतो.

प्रत्येक फडताळावरून एकेक पुस्तक काढतो. जुन्यातून विल्की कॉलिन्सची 'द मूनस्टोन' (१८६८), नव्यातून नेव्ह मार्च यांची 'मर्डर इन ओल्ड बॉम्बे' (२०२०). निवड मुद्दाम केली आहे. दोन्हींच्या मुळाशी हिंदुस्थान आहे: एकीत आपल्याकडून चोरून नेलेला हिरा, दुसरीत आपल्याच मुंबईतला मनोरा. शेवट दोन्हींचा सांगणार नाही.

'मूनस्टोन'ची सुरुवात १७९९ साली श्रीरंगपट्टणात होते. टिपू पडतो, लूट सुरू होते आणि कर्नल हर्नकॅसल नावाचा इंग्रज अधिकारी रक्तबंबाळ हातांनी एक पिवळा हिरा पळवतो. मरताना तो हिरा रेचल या भाचीच्या नावे ठेवतो. १८४८च्या जूनमध्ये यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरच्या एका घरात रेचलच्या अठराव्या वाढदिवसाला हिरा तिच्या हाती येतो आणि त्याच रात्री नाहीसा होतो. घराभोवती तीन ब्राह्मण घुटमळत असतात, हिऱ्याच्या रक्षणासाठी पिढ्यान्‌पिढ्या नेमलेले, समुद्र ओलांडून जात गमावलेले.

आता आपल्याला हसू येईल अशी गोष्ट. कॉलिन्सच्या लेखी हा हिरा सोमनाथच्या चंद्रदेवाच्या कपाळावरचा, आणि देव चार हातांचा! सोमनाथ म्हणजे चंद्राचा नाथ, शंकर, तिथे पिंडी आहे, हे त्याला कुणी सांगितलं नसावं. पण म्हणून पुस्तक मिटू नका. १८५७ला जेमतेम अकरा वर्षं झाली होती, इंग्लंडमध्ये हिंदुस्थानी माणूस म्हटलं की कानपूरची कत्तल आठवायची, आणि अशा वेळी हा माणूस चोरीचा पहिला आळ इंग्रज कर्नलवर ठेवतो. ते तीन ब्राह्मण त्याच्या गोष्टीत भीतिदायक आहेत, पण खोटारडे नाहीत. आपली वस्तू परत न्यायला आलेले आहेत, बस.

कादंबरीची खरी गंमत सांगणाऱ्यांत आहे. चोरीची हकीकत एकेक साक्षीदार लिहून देतो, कोर्टातल्या जबान्यांसारखी, आणि ज्याला जेवढं दिसलं तेवढंच त्याने सांगायचं. पहिला बेटरेज, घरचा म्हातारा कारभारी. चिलीम ओढतो, अडचण आली की 'रॉबिन्सन क्रूसो' उघडून त्यात कौल शोधतो. आपल्याकडे कुणी ज्ञानेश्वरीचं पान काढावं तसं. तो इतका पाल्हाळ लावतो की हिरा चोरीला जाईपर्यंत आपण घरातल्या स्वयंपाकिणीलाही ओळखू लागतो. माझं पुस्तक तिथेच सुटलं होतं. त्यात मी घेतलेली आवृत्ती स्वस्तातली, अक्षर मुंगीएवढं. दहा वर्षांनी तेच पुस्तक ऐकलं, रोज लोकलमध्ये थोडं थोडं, आणि कळलं की बेटरेज वाचायचा नसतो, त्याला बोलू द्यायचं असतं. त्याच्यानंतर मिस क्लॅक येते. लोकांच्या घरी गेली की सोफ्याच्या उशांखाली धर्मोपदेशाच्या पुस्तिका लपवून येणारी ही बाई मराठी वाचकाला परकी वाटणार नाही. प्रत्येक सोसायटीत एक असते.

आणि सार्जंट कफ. हाडकुळा, गुलाबांचा वेडा. तपासाला येतो आणि बागेतल्या वाटा खडीच्या असाव्यात की हिरवळीच्या यावर माळ्याशी भांडत बसतो. दारावरच्या ओल्या रंगाला कुणाचा तरी कपडा पुसटसा घासला आहे, तो कपडा शोधायचा, एवढ्या एका धाग्यावर त्याचा तपास चालतो. आज वाचताना यात विशेष काय असं वाटेल. पण लंडन पोलिसांचं गुप्तहेर खातं सुरू झालं १८४२ साली, तेही आठ माणसांनिशी. गोष्ट १८४८ची. म्हणजे सहा वर्षांपूर्वी अस्तित्वातही नसलेला, कामकरी वर्गातून वर आलेला एक माणूस बड्या घरात शिरून बायकांच्या धुण्याची यादी मागतो. पहिल्या वाचकांना हिऱ्यापेक्षा या गोष्टीनेच घाम फुटला असेल.

त्याला कारणही ताजं होतं. १८६० साली इंग्लंडमधल्या रोड हिल हाउस या घरात एका लहान मुलाचा खून झाला. व्हिचर नावाच्या डिटेक्टिव्हने एका हरवलेल्या रात्रीच्या गाउनवरून घरातल्याच सोळा वर्षांच्या मुलीवर, कॉन्स्टन्स केंटवर, बोट ठेवलं. खानदानी मुलीवर आळ घेतला म्हणून लोक त्याच्यावरच उलटले. पाच वर्षांनी तिने स्वतः कबुली दिली. 'मूनस्टोन' त्यानंतर तीनच वर्षांनी आली आणि तिच्यातही एक रात्रीचा गाउन आहे.

कॉलिन्सने यातलं काही समजावून सांगितलेलं नाही. त्याच्या वाचकाला सगळं ठाऊक होतं. काळात लिहिलेल्या पुस्तकाची हीच अडचण आणि हीच मजा: मोलकरणीने मालकाच्या मुलाकडे मान वर करून पाहणं किती मोठा गुन्हा होता, हे तुम्हाला इतरांच्या गप्प बसण्यावरून ओळखावं लागतं. रोझॅना स्पीअरमन नावाची मोलकरीण आहे, चोरीची शिक्षा भोगून आलेली, एक खांदा दुसऱ्यापेक्षा मोठा असलेली. तिच्याबद्दल फार सांगत नाही, पण हिरा कुणी चोरला हे मी कदाचित विसरेन, तिचं पत्र विसरणार नाही.

'मर्डर इन ओल्ड बॉम्बे'चा आधार मुळातच खरा आहे. २५ एप्रिल १८९१ रोजी राजाबाई टॉवरवरून पडून दोन पारशी तरुणींचा मृत्यू झाला. त्यांतली एक अर्देशीर गोदरेज यांची नवपरिणीत पत्नी. गोदरेजची कुलुपं अजून यायची होती, ती १८९७ची गोष्ट. एका तरुणावर खटला भरला, तो सुटला. नेमकं काय घडलं याचं उत्तर मिळालं नाही, आणि अर्देशीर यांनी पुन्हा लग्न केलं नाही. पारशी घरांत ही हकीकत अनेक पिढ्या सांगितली गेली. लेखिका स्वतः पारशी, मुंबईत वाढलेल्या आणि आता अमेरिकेत राहणाऱ्या.

कादंबरीत त्यांनी नावं बदलली आहेत. पुण्याच्या लष्करी रुग्णालयात जखमा भरून येण्याची वाट पाहत पडलेला कॅप्टन जिम अग्निहोत्री वर्तमानपत्रात या मृत्यूंबद्दल वाचतो. शेरलॉक होम्स त्याच्या डोक्यात भिनलेला. तो फौज सोडतो आणि विधुर झालेल्या तरुणाकडे, अदी फ्रामजीकडे, जाऊन तपास आपल्याकडे मागतो. इथवर पुस्तक झकास चालतं. फ्रामजींचं घर, जेवणाचं टेबल, परक्याला आदराने वागवतानाही जपलेलं अंतर, हे घरचं माणूसच लिहू शकतं. जिमचं प्रेम जडतं ते घरातल्या डायनावर, आणि पारशी घरात बाहेरच्या जावयाला जागा नाही.

मग गाडी लाहोरकडे, पंजाबकडे वळते. वेषांतरं, अनाथ मुलं, घोडदौड. माझं मत स्पष्ट आहे: हा मधला भाग लांबला आहे आणि मनोऱ्याचं कोडं त्यात मागे पडतं. साहसकथा आवडत असेल तर तुमचं मत उलटं असू शकेल. मला सारखं वाटत होतं, चला परत फोर्टात.

दोन्हींची खरी तुलना मात्र एका माणसावरून होते. 'मूनस्टोन'मध्ये एझ्रा जेनिंग्ज नावाचा डॉक्टरांचा सहायक आहे. रंग गव्हाळ, केस अर्धे काळे अर्धे पांढरे, गावात कुणाला तो नकोसा. आपली ओळख सांगताना तो म्हणतो की जन्म एका वसाहतीतला, वडील इंग्रज होते, पण आई... आणि तिथेच वाक्य तोडून विषय बदलतो. सबंध जाडजूड कादंबरीत ते वाक्य पुरं होत नाही. कॅप्टन जिम हे जणू तेच अर्धवट वाक्य दीडशे वर्षांनी पुढे लिहिलेलं. बाप गोरा, आई इथली, आडनाव अग्निहोत्री, आणि तो नायक आहे. जेनिंग्जला जे बोलता येत नव्हतं ते जिम पानोपानी बोलतो: आपण कुणाचे, कोणत्या टेबलावर बसायचं, कुणाची मुलगी मागायची.

मिळकत आहे तसं नुकसानही. जिमचं दुःख मला समजलं, जेनिंग्जचं टोचलं. नव्या पुस्तकाला आजच्या वाचकाची काळजी असते. ते जातपात, वर्ण, बाईची कोंडी उलगडून दाखवतं, आणि नायकाची मतं साधारण आपल्याच मतांसारखी असतात. १८९२ मधला फौजी माणूस इतका समजूतदार असेल का, अशी शंका मधूनमधून येते. जुन्या पुस्तकात लेखकच त्या काळाचा असल्यामुळे त्याच्या चुकाही अस्सल असतात. चार हातांचा सोमनाथ हा त्यातलाच.

तपासाच्या बाबतीत मात्र दोन्ही प्रामाणिक. बोटांचे ठसे नाहीत. ठशांचं कार्यालय कलकत्त्यात १८९७ला निघालं, लंडनच्या पोलिसांनी ही पद्धत उचलली ती १९०१ला. म्हणजे माणसांना बोलतं करायचं, वेळा जुळवायच्या, कपडे तपासायचे. आजच्या मालिकांतल्या प्रयोगशाळांचा कंटाळा आला असेल तर दोन्हींकडे उतारा आहे.

तिसरं नाव घेतल्याशिवाय सुटका नाही, कारण पुष्कळांना व्हिक्टोरियन म्हणजे होम्सच हवा असतो. 'बास्करव्हिल्सचा शिकारी कुत्रा' घ्या. साठेक हजार शब्द, म्हणजे 'मूनस्टोन'च्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. दोन रात्रींचं काम. आणि एक गंमत: राणी वारली जानेवारी १९०१मध्ये, ही गोष्ट 'स्ट्रँड' मासिकात क्रमशः सुरू झाली ऑगस्टमध्ये, आणि घडते १८८९ साली. व्हिक्टोरियन म्हणून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येणारं हे धुकंही आठवणीतूनच लिहिलेलं. भालबा केळकरांनी होम्स मराठीत आणला आहे, इंग्रजीचा कंटाळा असेल तर त्या वाटेने जा. यापलीकडे त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, ते वाचल्याचा पश्चात्ताप कुणाला झालेला मी पाहिलेला नाही.

आता ठरवायचं कसं? कोडं चोख हवं, सगळे धागे शेवटी एका गाठीत आलेले हवेत, तर 'मूनस्टोन'. उत्तर तुमच्या डोळ्यांसमोर ठेवलेलं असतं आणि तरी दिसत नाही. टी. एस. एलियट यांनी तिला आधुनिक इंग्रजी डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांत पहिली, सर्वांत लांब आणि सर्वोत्तम म्हटलं होतं. त्यातलं 'सर्वांत लांब' मनावर घ्या आणि महिनाभर हाताशी ठेवा. ती मासिकातून हप्त्याहप्त्याने, जानेवारी ते ऑगस्ट १८६८, अशीच वाचली गेली होती. स्वामित्वहक्क केव्हाच संपले आहेत, त्यामुळे प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट, ऐकायला लिब्रिव्हॉक्सवर फुकट. इंग्रजी जुनं आहे, पण अवघड नाही.

इंग्रजी कादंबरीची फारशी सवय नसेल, गोष्ट ओळखीच्या रस्त्यांवर घडायला हवी असेल, किंवा प्रेमकथा नसेल तर रहस्य कोरडं वाटत असेल, तर आधी 'मर्डर इन ओल्ड बॉम्बे'. भाषा आजची, पानं चारशेच्या आसपास, पकड पहिल्या प्रकरणापासून. ती आवडली तर जिमची गोष्ट पुढच्या पुस्तकांतही चालू राहते. आणि गुन्हेगार कोण यापेक्षा 'त्या काळात बाईमाणसाचं काय होत होतं' हा प्रश्न तुम्हाला जास्त खात असेल तरीही हीच. फक्त ऐतिहासिक प्रकरणाचं उत्तर तिथे शोधू नका. कादंबरी आपलं उत्तर देते, इतिहासाचं नाही.

मला विचाराल तर मी आधी नवी वाचायला देईन आणि लगेच पाठोपाठ जुनी, म्हणजे जेनिंग्ज ते वाक्य तोडतो तेव्हा पुढचं तुम्हाला ऐकू येईल. आणि हो, 'मूनस्टोन'चा काही भाग कॉलिन्सने संधिवाताने अंथरुणाला खिळून, दुसऱ्याकडून लिहून घेतला. आई त्याच काळात गेली. वेदना थांबवायला तो कोणतं औषध घेत होता, हे पुस्तक संपल्यावरच शोधा.