लाँग बीचची बंदरफेरी: बोट छान, गाईड अर्धवट

लेकीकडे कॅलिफोर्नियाला आलो की डिस्नेलँड ठरलेलंच. यंदा जावयांनी लाँग बीचच्या बंदरात बोटीने फिरवलं. बोट स्वच्छ, वारा मस्त, सी लायन अगदी जवळून दिसतात. खायला फक्त चिप्स, तेव्हा चढण्याआधी पोटभर खाऊन घ्या.

माझं लक्ष मात्र तेलबेटांवर, म्हणजे तेल काढायला समुद्रात बांधलेल्या कृत्रिम बेटांवर. चार बेटं, ताडाची झाडं, धबधबा. लांबून उंच इमारत वाटते तो डेरिकवर, म्हणजे विहीर खणायच्या उंच सांगाड्यावर, चढवलेला मुखवटा. आवाजही आतच अडतो. डिस्नेलँडच्या बागांवर काम केलेल्या जोसेफ लिनेशने हे नटवलं. जन्म ओएनजीसीत काढला, पण इतकी सजलेली रिग पाहिली नव्हती!

गाईडने मुखवट्यावर विनोद केला, बेटांना दिवंगत अंतराळवीरांची नावं आहेत हे सांगितलं, आणि लगेच क्वीन मेरी जहाजाकडे वळला. अहो, मुख्य गोष्ट राहिलीच की! या बंदराखालचं विल्मिंग्टन तेलक्षेत्र १९३२ साली सापडलं. तेल उपसत गेले तसा भुसभुशीत वाळूच्या थरांतला दाब उतरला, वरचा भार पेलवेना, थर चेपले. बंदराची जमीन मधोमध जवळजवळ २९ फूट खचली. धक्के वाकले, रूळ पिळवटले, समुद्र आत येऊ नये म्हणून बांध घालावे लागले. १९५८ मध्ये राज्याने खचणं रोखायला कायदा केला आणि थरांतला दाब टिकावा म्हणून विहिरींतून पाणी खाली दाबायचं काम मोठ्या प्रमाणावर सुरू झालं. साठच्या दशकात खचणं आटोक्यात आलं; गेलेली उंची मात्र फारशी परत आली नाही. एकदा चेपलेली वाळू फुगत नाही.

बेटं आली ती त्यानंतर, १९६५ पासून. जेवढं तेल-पाणी वर येतं त्याहून थोडं जास्तच पाणी खाली जातं, आणि शहर जमिनीची उंची नियमित मोजतं. धबधब्यापेक्षा मला याचं कौतुक जास्त. शेजारच्या नाशिककर कुटुंबाला मीच हे सगळं सांगत बसलो, तर सौ.नी कोपर मारलं.

पाचपैकी तीन तारे. कापलेले दोन्ही गाईडचे. शक्यतो संध्याकाळची फेरी घ्या, बेटांवरचे रंगीत दिवे लागतात. पैसे वाचवायचे असतील तर बेटं किनाऱ्यावरूनही दिसतात.