सातबाऱ्याचं पॅकेज आणि गिटहब ॲक्शन्स: दहा महिने वापरल्यानंतर

माझं पायथनचं पॅकेज (दुसऱ्यांना इन्स्टॉल करता येणारा कोड) लहानसंच आहे. सातबाऱ्यावरचं क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये द्यायचं, ते एकर-गुंठ्यात मिळतं. आकडा दिला की मराठी अक्षरांत मिळतो. आमच्या लातूरकडं जमिनीचं बोलणं एकर-गुंठ्यात आणि कागद हेक्टरमध्ये. एक आर म्हणजे एक गुंठाच, असं धरून चालणारे भरपूर भेटतात. आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. हेक्टरमागं सव्वा गुंठ्याला थोडा कमी एवढा फरक पडतो. घरातल्या वाटणीच्या वेळी हा हिशेब मी वहीवर चार वेळा केला, चारही वेळा वेगळा आला. तिथून हे पायथनमधलं प्रकरण सुरू झालं.

जून २०२५ पर्यंत नवी आवृत्ती काढायची माझी पद्धत अशी: रात्री जेवण झालं की लॅपटॉप उघडायचा, आठवल्या तर टेस्ट चालवायच्या, आवृत्तीचा आकडा दोन फाइलींत बदलायचा, पॅकेज बांधायचं आणि पायपीआयवर, म्हणजे पायथन पॅकेजांच्या सार्वजनिक कोठारात, चढवायचं. एकदा मध्येच लाईट गेली, त्यासोबत राउटर गेला, आणि व्हील फाइल (तयार बांधलेलं पॅकेज) वर गेली पण सोर्सची टार फाइल खालीच राहिली. ते निस्तरता आलं. ०.३.१ मात्र निस्तरली नाही. अंकांच्या अक्षरी रूपांची जेसन फाइल मी पॅकेजमध्ये घालायलाच विसरलो होतो. माझ्याकडं सगळं चालत होतं, कारण टेस्ट त्याच फोल्डरमधून चालत होत्या आणि ती फाइल तिथंच शेजारी पडलेली होती. ज्यानं इन्स्टॉल केलं त्याला मात्र फाइल सापडत नव्हती. मी घाईनं ती आवृत्ती पुसली आणि दुरुस्त करून त्याच नावानं चढवायला गेलो. पायपीआय एकदा वापरलेलं फाइलचं नाव पुन्हा घेत नाही, पुसलं तरी नाही. ०.३.२ काढावी लागली. पुसण्याऐवजी आवृत्ती 'यँक' करता येते, म्हणजे नवीन कुणाला ती आपोआप मिळत नाही आणि ज्यानं नेमका तोच आकडा लिहून ठेवलाय त्याचं अडत नाही, हे मला नंतर कळलं.

त्या आठवड्यात ठरवलं की हे काम माझ्या लॅपटॉपवरून हलवायचं.

गिटहब ॲक्शन्स हे काम करतं: गिटहबवर कोड ठेवतो त्या रेपॉझिटरीत एक यामल फाइल (सूचनांची साधी यादी) टाकायची, त्यात लिहायचं की कमिट, म्हणजे कोडमधला नोंदवलेला बदल, आली की काय काय करायचं. गिटहब आपल्याला एक कोरं मशीन देतं, त्यावर पॅकेज बसतं, टेस्ट चालतात, मशीन मोडून टाकलं जातं. सार्वजनिक रेपॉझिटरीला साधे रनर, म्हणजे ही मशीनं, फुकट आहेत. खाजगी असेल तर फुकट खात्यावर महिन्याला २,००० मिनिटं मिळतात. मी उबुंटू, विंडोज, मॅक अशी ३ मशीनं आणि पायथनच्या ५ आवृत्त्या लावल्या. एका कमिटला १५ टेस्ट-फेऱ्या, चारेक मिनिटांत. माझा खर्च शून्य रुपये आणि दोन रविवार.

पहिल्या रविवारचा अर्धा दिवस एका शून्यात गेला. पायथन ३.१० मी अवतरणचिन्हांशिवाय लिहिलं होतं. यामलनं तो दशांश समजून ३.१ केला आणि मशीन ३.१ शोधत बसलं. सातबाऱ्यावर १.१० म्हणजे एक हेक्टर दहा आर, तिथं शेवटचा शून्य खाल्ला तर तलाठी सोडत नाही. इथं मीच तो खाऊ दिला. अवतरणं लावा, विषय संपतो.

मग विंडोज लाल झालं, म्हणजे टेस्ट नापास. पाचही फेऱ्या. उबुंटू हिरवं, मॅक हिरवं आणि विंडोजवर एकच तक्रार: ८डी हा बाइट उलगडता येत नाही. मी फाइल उघडताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटांत कशी लिहिलीत ते, सांगितलं नव्हतं. ३.१४ पर्यंतचं पायथन अशा वेळी विंडोजचं स्थानिक एन्कोडिंग धरतं आणि त्या मशीनवर ते होतं सीपी-१२५२, पश्चिम युरोपातल्या भाषांसाठीचं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर ३ बाइटांचं असतं. हलन्ताचा तिसरा बाइट नेमका ८डी, आणि सीपी-१२५२ मध्ये त्या जागेला काही अर्थच दिलेला नाही. माझ्या फाइलीतला पहिला शब्द 'शून्य'. त्यातल्या अर्ध्या न पाशीच सगळं कोसळत होतं. हलन्त नसता तर गंमत आणखी वाईट झाली असती: चूक न दाखवता फाइल वाचली गेली असती आणि 'दहा'च्या जागी कसलीतरी परकी नक्षी छापली गेली असती. ओपन करताना यूटीएफ-८ एवढं लिहिलं आणि पाचही हिरव्या. हिंगोलीच्या एका सेवा केंद्रवाल्यानं मला महिन्याभरापूर्वी कळवलं होतं, "दादा, तुमचं ते चालंना आमच्याकडं." मी त्याला उत्तर दिलं होतं की पुन्हा इन्स्टॉल करून बघा. माझ्याकडं विंडोज नाही, मी बघणार तरी कुठं? पण ते उत्तर आजही डोळ्यांपुढं आलं की लाज वाटते.

त्यानंतर टेस्ट मनापासून लिहायला लागलो. हायपोथिसिस नावाची लायब्ररी आहे, ती आपल्या फंक्शनला स्वतःच आडवेतिडवे आकडे घालून बघते. आपण फक्त नियम सांगायचा. मी नियम सांगितला: उत्तरात गुंठे नेहमी ४० पेक्षा कमी असले पाहिजेत, कारण ४० झाले की एकर झाला. काही सेकंदांत तिनं एक आकडा समोर ठेवला, आणि मग मी हातानं करून बघितला तो हा: ० हेक्टर, ८० आर, ९३ चौरस मीटर. म्हणजे ८,०९३ चौरस मीटर, म्हणजे ७९.९९३ गुंठे. माझा कोड आधी पूर्ण एकर काढायचा, एक. उरले ३९.९९३ गुंठे. मग एका दशांशापर्यंत गोल करायचा. उत्तर: १ एकर ४०.० गुंठे. दोन एकर म्हणायला पाहिजे तिथं असं काहीतरी, जे कुठला शेतकरी आयुष्यात बोलणार नाही. आधी गोल करायचं आणि मग एकर वेगळे काढायचे, एवढाच उपाय. ही चूक त्या पॅकेजात पहिल्या दिवसापासून होती. दोन एकर हा आपल्याकडं काही दुर्मिळ तुकडा नाही, तरी कुणालाच दिसली नाही.

अंकांच्या बाजूला ७४, ८४ आणि ९४ नी त्रास दिला. चौऱ्याहत्तरमधला तो अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: एकात खालचं टिंब असलेला ऱ, दुसऱ्यात साधा र आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखेच. टेस्ट सांगते, 'चौऱ्याहत्तर' आणि 'चौऱ्याहत्तर' सारखे नाहीत. हे लॉगमध्ये वाचणाऱ्याची अवस्था काय होते ते विचारू नका. परभणीचा एक विद्यार्थी आता माझ्यासोबत हे पॅकेज सांभाळतो, त्याचा कीबोर्ड वेगळा, माझा वेगळा. आता आत येणारं सगळं आधी एका रूपात आणतो.

आता प्रकाशन. खरा फरक इथं पडला.

पूर्वी पायपीआयचं टोकन (पासवर्डच्या जागी चालणारी किल्ली) माझ्या लॅपटॉपवर साध्या मजकुराच्या फाइलीत होतं. मध्यंतरी कीबोर्ड बदलायला लॅपटॉप तीन दिवस दुकानात दिला होता, टोकन त्यातच. काही झालं नाही, पण दुकानातून घरी येताना ते एकदम आठवलं आणि पोटात गोळा आला. २०२३ पासून पायपीआयवर 'ट्रस्टेड पब्लिशिंग' आहे. त्यात टोकन सांभाळायचंच नाही. पायपीआयला सांगून ठेवायचं की अमुक रेपॉझिटरीतल्या अमुक वर्कफ्लो फाइलीवर (तीच यामल फाइल) माझा भरवसा आहे. प्रकाशनाच्या वेळी गिटहब त्या फेरीची ओळख पटवतं आणि पायपीआय थोड्या मिनिटांपुरतं टोकन देतं. फाइलीचं नाव तंतोतंत जुळायला हवं. मी पायपीआयवर 'रिलीज' लिहिलं होतं आणि माझी फाइल होती 'पब्लिश'. अर्धा तास 'प्रकाशक अवैध' हेच वाचत बसलो. वर्कफ्लोत ओळख-टोकन लिहिण्याची परवानगीही वेगळी द्यावी लागते. ती फक्त प्रकाशनाच्या जॉबला (वर्कफ्लोतल्या त्या टप्प्याला) द्या, टेस्टच्या जॉबला नको.

याच रस्त्यानं चढवलं की फाइलीसोबत सही केलेला दाखलाही जातो: ही फाइल कुठल्या रेपॉझिटरीच्या कुठल्या वर्कफ्लोनं बांधली. फेरफार क्रमांकासारखं समजा. मालक कोण यापेक्षा नोंद कशी झाली हे दिसतं.

आवृत्तीचा आकडा आता गिटच्या टॅगवरून (कमिटला लावलेल्या खुणेवरून) घेतो, सेटअपटूल्स-एससीएम वापरून. दोन फाइलींतला आकडा बदलणं बंद झालं. पण गिटहबची चेकआउट ॲक्शन (कोड मशीनवर आणणारी तयार पायरी) मुळात फक्त शेवटची कमिट आणते, मागचा इतिहास आणि टॅग आणत नाही. पहिल्या फेरीत माझ्या ०.४.० चं ०.१.डेव्ह१ झालं आणि मागं अधिकचं चिन्ह लावून कमिटचा क्रमांक आला. नशीब की पायपीआय असली अधिकवाली आवृत्ती घेतच नाही, नाहीतर आणखी एक आकडा वाया गेला असता. फेच-डेप्थ शून्य करा, सगळा इतिहास येतो. आणि हे सगळं आधी टेस्ट-पायपीआयवर करून बघा. त्यासाठीच ती वेगळी जागा आहे. मी बघितलं नाही, थेट खऱ्यावर गेलो. तुम्ही जाऊ नका.

एक गोष्ट मी मुद्दाम आपोआप केलेली नाही. टॅग पडला की पॅकेज बांधलं जातं, बांधलेलं व्हील कोऱ्या मशीनवर इन्स्टॉल होऊन त्यावर टेस्ट चालतात (०.३.१ ची आठवण), आणि मग गाडी थांबते. आम्हा दोघांपैकी एकानं मंजुरी दिल्याशिवाय पुढं जात नाही. परभणीकर म्हणतो, हे कशाला, टेस्ट झाल्यात की. त्याचं खोटं नाही. पण वाटणीपत्रात जाणारा आकडा आहे, एका माणसानं शेवटचं बघितलेलं बरं.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. वर्कफ्लो फाइल घरी नीट चालवून बघता येत नाही, म्हणून ढकल, थांब, लाल बघ, पुन्हा ढकल. माझ्या इतिहासात 'दुरुस्ती', 'दुरुस्ती २', 'आता तरी' अशा अकरा कमिट ओळीनं उभ्या आहेत. वेळापत्रकात मी लिहिलेली वेळ यूटीसीत, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागच्या वेळेत, धरली गेली. सोमवारी सकाळी सहाला म्हणून लावलेली फेरी साडेअकराला चालायची, हे मला दोन महिन्यांनी लक्षात आलं. आणि सार्वजनिक रेपॉझिटरीत ६० दिवस काही हालचाल नसेल तर वेळापत्रकावरच्या फेऱ्या बंद होतात. नियम लिहिलेलाच आहे, मी वाचला नव्हता. जानेवारीपासून हरभऱ्याच्या काढणीत होतो, मार्चमध्ये बघतो तर सोमवारची फेरी गप्प.

दुसऱ्यांच्या ॲक्शन वापरताना जपून. मार्च २०२५ मध्ये टीजे-ॲक्शन्सची 'चेंज्ड-फाइल्स' ही ॲक्शन कुणीतरी फोडली आणि तिचे जुने टॅगच घातक कमिटकडं वळवले. ती वापरणाऱ्या २३,००० हून जास्त रेपॉझिटरी होत्या, आणि ज्यांच्या फेऱ्या त्या काळात चालल्या त्यांची गुपितं लॉगमध्ये छापली जाण्याची वेळ आली. तेव्हापासून बरेच जण टॅगऐवजी ४० अक्षरी कमिट क्रमांक लिहितात, मीही तेच केलं. त्याचा मोबदला असा की डिपेन्डाबॉट, म्हणजे जुन्या आवृत्त्या दाखवणारा गिटहबचा बॉट, दर आठवड्याला 'हा क्रमांक जुना झाला' म्हणून दारात उभा. महिन्यातून एकदाच ये असं त्याला सांगून ठेवलंय.

देखभाल शून्य होत नाही, एवढं धरून चाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये पायथन ३.१४ आलं आणि ३.९ ची मुदत संपली, तेव्हा यादी बदलली. एक ओळ. पण ती ओळ बदलायचं कुणालातरी आठवलं पाहिजे.

डिसेंबरात येळवसीला, म्हणजे वेळ अमावास्येला, आम्ही सगळे रानात होतो. कडब्याची कोप, भज्जी, आंबील, पाहुणे. परभणीकरानं सकाळीच एक दुरुस्ती करून टॅग टाकला होता. त्याच्याकडं येळवस नसते, त्यामुळं त्याला सुचलं. नांदेडहून कुणीतरी वाटच बघत होतं आणि तो नेमका बसमध्ये होता, म्हणून मंजुरी माझ्याकडं आली. रेंज फक्त बांधावर. हातातली भाकरी एका हातात धरून दुसऱ्यानं फोनवर उघडलं, पंधरा हिरव्या खुणा मोजल्या, काय बदललंय ते वाचलं, मंजुरीचं बटण दाबलं. लॅपटॉप घरी, बंद. तीन मिनिटांत आवृत्ती वर.

काकांनी कोपीतून हाक मारली, "काय करायलास रं तिथं बांधावर?"

"गुंठे वर चढवायलोय, काका."

"चढव, चढव. बांध तेवढा कोरू नको म्हंजे झालं."