फुकट तिकिटांचे पंच्याऐंशी हजार

वॉटर पार्कची चार फुकट तिकिटं आम्हाला पंच्याऐंशी हजारांना पडली. ती वापरायलाही मिळाली नाहीत, ते वेगळंच. हे सगळं आता लिहायला घेतलं, कारण परवा आमच्या सोसायटीतली एक मैत्रीण लिफ्टमध्ये म्हणाली, "अगं, आम्हाला लकी ड्रॉ लागलाय. शनिवारी हॉटेलात बोलावलंय, जोडीने." तिचा मजला येऊन गेला तरी तिला उतरू दिलं नाही मी.

मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना एक दिवस पार्कला न्यायचं आमच्या घरात कधीपासून घाटत होतं. खोपोलीचं इमॅजिका २०१३ साली सुरू झालं, तेव्हापासून पुण्यातल्या आईबापांना हा हिशेब पाठ आहे. मोठ्या पार्कचं तिकीट माणशी हजाराच्या वर, आम्ही सासूबाई धरून पाच जण. बाहेरचं खाणं आत चालत नाही, म्हणजे जेवणखाण तिथल्याच दराने. वर गाडीचं पेट्रोल आणि टोल. पोहण्याचे नायलॉनचे कपडे नसतील तर त्यांचं भाडं, लॉकरचं भाडं. हे सगळं जरा स्वस्तात कसं बसेल ते बघत होतो. अशा वेळी किराणा घ्यायला गेलेल्या मॉलच्या दारात 'कूपन भरा आणि जिंका' असं टेबल दिसलं, तर कोण सोडतं? नाव, नवऱ्याचं नाव, दोघांचं वय, नोकरी, महिन्याचं उत्पन्न, क्रेडिट कार्ड आहे का, गाडी कुठली. बक्षीस द्यायला गाडी कुठली ते कशाला लागतं, हा प्रश्न तिथे उभ्या असलेल्या कुणालाच पडला नव्हता.

फोन आठवडाभरातच आला. गोड आवाजाची मुलगी. "मॅडम, अभिनंदन! आपल्या कुटुंबाला वॉटर पार्कची चार तिकिटं लागली आहेत." तिकिटं कुरिअरने पाठवा म्हटलं, तर ती हसली. "नाही मॅडम, हॉटेलला येऊन कलेक्ट करायची. फक्त एक तासाचं छोटंसं प्रेझेंटेशन आहे. काही विकत घ्यायचं बंधन नाही. पण मिस्टर आणि तुम्ही, दोघांनी येणं कम्पल्सरी आहे. आणि येताना क्रेडिट कार्ड आणा, आयडी म्हणून." आयडी म्हणून आधार चालत नव्हतं, बरं का. कार्डच हवं होतं.

दोघं का हवेत, याचं उत्तर हॉलमध्ये गेल्यावर मिळतं. एकटं माणूस असलं की 'घरी विचारून सांगतो' म्हणून उठतं. जोडीला ती सोय राहत नाही.

हायवेवरच्या एका हॉटेलच्या तळघरातला हॉल होता. गोल टेबलं, प्रत्येक टेबलावर एक जोडपं आणि समोर टाय घातलेला एक मुलगा. गाणी इतक्या मोठ्याने लावलेली की नवऱ्याशी हळू आवाजात दोन शब्द बोलायची सोय नाही. मुलांना कोपऱ्यात एका ताई रंग आणि कागद देऊन बसवत होत्या, म्हणजे 'मुलं कंटाळलीत, निघतो' हीही वाट बंद. आमच्या टेबलावरचा मुलगा मराठीच होता, वागायला अगदी घरच्यासारखा. गाव कुठलं, देव कुठला, शेवटची ट्रिप कुठे केली, सगळं विचारून झालं. मग त्याने कोरा कागद ओढला आणि आकडेमोड सुरू केली. तो उलटं लिहायचा! आमच्या बाजूने सरळ वाचता यावं म्हणून सगळे आकडे त्याच्याकडून उलटे. इतका सराव असलेला माणूस मी आधी पाहिला नव्हता.

हिशेब असा. वर्षाला फिरण्यावर किती खर्च करता? आम्ही म्हटलं, साठ हजारांच्या आसपास. दरवर्षी दहा टक्के महागाई धरा. दहा वर्षांचे होतात साडेनऊ लाख. "आणि सर, शेवटी हातात काय? फोटो." मग त्यांची योजना: दहा वर्षांची मेंबरशिप, दरवर्षी सहा रात्री, देशभरातली हॉटेलं, किंमत तीन लाख साठ हजार. नको म्हटलं की एक नव्वद. तरी नको म्हटलं की सूटवाला मॅनेजर येतो, खुर्ची ओढून बसतो आणि जणू स्वतःच्या खिशातून देतोय अशा थाटात सांगतो, "तुमची फॅमिली बघून मी एक पंचेचाळीस करतो. पण आज का आज. तुम्ही या दारातून बाहेर गेलात की ही ऑफर गेली." तेवढ्यात मागच्या टेबलावर कुणीतरी 'जॉइन' झालं, माइकवर नाव पुकारलं, हॉलभर टाळ्या. ते जोडपंसुद्धा टाळ्या वाजवत होतं.

एक तासाचं प्रेझेंटेशन संपेचना. तिकिटं मागितली की "हो मॅडम, फक्त एवढं पूर्ण करू". मुलं भुकेजली, सासूबाईंचे घरून फोन. शेवटी पंच्याऐंशी हजार कार्डावर गेले आणि उरलेले साठ हजार हप्त्याने द्यायचं ठरलं. ते हप्ते म्हणजे प्रत्यक्षात एका वित्त कंपनीचं कर्ज होतं, आणि ते तिथल्या तिथे नवऱ्याच्या मोबाइलवरून काढायचं चाललं होतं. नवऱ्याच्या मोबाइलला तळघरात नेटवर्क नव्हतं. तो टायवाला मुलगा नवऱ्याला घेऊन दोनदा जिन्यापर्यंत जाऊन आला, ओटीपी काही येईना. "उद्या घरून करा सर, मी लिंक पाठवतो" यावर भागलं. नेटवर्क नसल्याबद्दल त्या हॉटेलचे मी आजही आभार मानते, कारण ते कर्ज निघालं असतं तर मेंबरशिपचं काहीही होवो, हप्ते फेडावेच लागले असते आणि थांबवले तर सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जासाठीची पत, आपली बिघडली असती.

कार्ड स्वाइप झाल्यावर दोन गोष्टी घडल्या. त्यांचं महत्त्व आम्हाला वकिलाकडे बसल्यावर कळलं. एक म्हणजे आकडेमोडीचा तो कागद. त्यावर 'दरवर्षी विमानाच्या तिकिटांत सवलत', 'नको असेल तर भाड्याने देता येईल', 'मेंटेनन्स पहिली तीन वर्षं माफ' असं सगळं त्याच्याच अक्षरात होतं. सह्या होताच त्याने तो सहज घडी घालून खिशात टाकला. दुसरी म्हणजे 'वेलकम कॉल'. शेजारच्या खोलीतून एका मुलीने फोन केला, रेकॉर्डिंग चालू असल्याचं सांगितलं आणि पटापट प्रश्न विचारले. "करारातल्या अटी वाचल्या? करारात नसलेलं कुठलंही तोंडी आश्वासन दिलेलं नाही, बरोबर?" टायवाला समोर बसून मान हलवत होता, हो म्हणा, हो म्हणा. पुढे आम्ही तक्रार केली तेव्हा कंपनीने पहिलं हेच रेकॉर्डिंग काढलं.

घरी येऊन करार वाचला. बारीक अक्षरात शेवटच्या पानावर: भरलेली रक्कम कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही. खोली 'उपलब्धतेनुसार'. वार्षिक देखभाल शुल्क साडेसात हजार अधिक जीएसटी, राहायला जा अथवा न जा. नवऱ्याने कॅल्क्युलेटर काढला. एक लाख पंचेचाळीस हजार, त्यात दहा वर्षांचं देखभाल शुल्क करासकट अठ्ठ्याऐंशी हजार पाचशे, एकूण दोन लाख साडेतेहतीस हजार. भागिले साठ रात्री. एका रात्रीचे जवळपास तीन हजार नऊशे! त्यांच्या यादीतली तीच हॉटेलं कुणीही मोबाइलवरून याहून स्वस्तात घेऊ शकत होतं, तेही दहा वर्षांचे पैसे आधी न भरता.

आणि तिकिटं? चकचकीत पाकिटात व्हाउचर होतं. मागे अटी. सोमवार ते गुरुवार. मे महिना, दिवाळी आणि सुट्टीचे दिवस वगळून. एकवीस दिवस आधी ईमेलने तीन तारखा कळवायच्या, त्यातली कुठली द्यायची ते कंपनी ठरवणार. पार्क 'चित्रात दाखवलेले अथवा तत्सम'. माणशी आठशे नव्याण्णव रुपये सेवा शुल्क, आगाऊ. मी सरळ चित्रातल्या पार्कच्या चौकशी क्रमांकावर फोन केला. तिथला माणूस सभ्यपणे म्हणाला की असं व्हाउचर आमचं नाही, आमच्याशी त्यांचा काही करार असल्याचं माझ्याकडे दिसत नाही. त्याने साध्या दिवसाचा दर सांगितला. तो त्या सेवा शुल्काहून जेमतेम अडीचशे रुपयांनी जास्त होता.

पार्कला आम्ही जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी, मधल्या वारी, पार्कच्याच साइटवरून तिकिटं काढून गेलो. स्वस्तात जायचं तर त्यात गूढ काही नाही. साध्या दिवसाचा दर शनिवार-रविवारपेक्षा कमी असतो. बऱ्याच ठिकाणी मुलांचं तिकीट वयावर नाही, उंचीवर ठरतं, म्हणून घरीच भिंतीला लावून मोजून घ्या. ज्येष्ठांना वेगळा दर असतो. जेवण धरून तिकीट घेतलं तर आतल्या स्टॉलवर फुटकळ घेण्यापेक्षा स्वस्त पडतं. नायलॉनचे कपडे घरचे न्या. सुती चालत नाहीत आणि भाड्याचे घालवत नाहीत. सासूबाईंना स्लाइडशी देणंघेणं नव्हतं, त्यांनी सावलीतली खुर्ची धरून सगळ्यांच्या पिशव्या सांभाळल्या, लॉकरचे पैसेही वाचले. लहान मुलगा मात्र परतताना म्हणाला, मला पेशवे पार्कातली फुलराणी जास्त आवडते. ती छोटी आगगाडी १९५६ पासून धावतेय आणि तिच्या तिकिटाला लकी ड्रॉ लागत नाही.

आता पैशांचं. दुसऱ्याच दिवशी आम्ही करार रद्द करत असल्याचा ईमेल पाठवला. फोनवर भांडत बसलो नाही आणि हप्त्याची लिंक उघडलीच नाही. बँकेला लेखी कळवलं. बँक म्हणाली, कार्ड तुम्हीच दिलंत, पिन तुम्हीच टाकलात, त्यामुळे हा अनधिकृत व्यवहार धरता येत नाही. विक्रेत्याविरुद्धचा वाद म्हणून नोंदवता येईल, कागदपत्रं द्या. १९३० या सायबर हेल्पलाइनचंही तेच. ती ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठी आहे. तिथे ताबडतोब फोन केला तर पैसे पुढे जाण्याआधी गोठवता येतात, पण समोर बसून सही करून दिलेल्या पैशांना त्याचा उपयोग नाही. पोलीस ठाण्यात अर्ज घेतला आणि 'दिवाणी स्वरूपाचं दिसतंय' असं ऐकवलं. आपण ज्याला चारशेवीस म्हणतो ते कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३१८ झालंय. पण आकडा कुठलाही असो, सुरुवातीपासून फसवायचाच हेतू होता हे दाखवावं लागतं, आणि तो कागद तर टायवाल्याच्या खिशात. तरी अर्जाची पोच घ्याच. पुढे ती लागते.

कामाची निघाली ती १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथे तक्रार नोंदवल्यावर तोवर फोन न उचलणारी कंपनी आपणहून बोलू लागली. परतावा नाही, पण 'दोन रात्री जादा' देऊ म्हणाली! नंतर वकिलामार्फत नोटीस आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार. कंपनीचं ऑफिस दिल्लीत आहे आणि करारात 'वाद दिल्लीतच' असं छापलंय, म्हणून लोक घाबरून सोडून देतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, मुदत दोन वर्षं, वकील केलाच पाहिजे असंही नाही. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. आमचं प्रकरण चालू आहे. पैसे अजून आलेले नाहीत.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. गेल्या महिन्यात एका सद्गृहस्थांचा फोन आला, अस्खलित हिंदीत. तुमच्या मेंबरशिपची कंपनी बंद पडतेय, सरकारच्या आदेशाने सगळ्यांचे पैसे परत करायचेत, तुमचे पंच्याऐंशी हजार मंजूर झालेत, फक्त त्यावरचा अठरा टक्के जीएसटी आधी भरा, म्हणजे पंधरा हजार तीनशे. करार क्रमांक त्याने बिनचूक सांगितला, भरलेली तारीख सांगितली, मुलांची नावंसुद्धा. ही यादी त्याच्याकडे कुठून आली असेल, ते तुम्हीच ओळखा. परतावा मिळवण्यासाठी आधी कर भरा असं कुठलंही खातं सांगत नाही. ज्यांनी कधी अशी मेंबरशिप घेतली असेल त्यांना हा फोन येण्याची शक्यता आहे. आला तर पैसे भरू नका, नंबर, वेळ आणि तो काय म्हणाला ते लिहून ठेवा, जमलं तर कॉल रेकॉर्ड करा आणि तक्रारीला जोडा. आमच्या वकिलांनी जोडलाय.