सेवाग्राम आश्रम : सातवीची सहल नेल्यावर

दरवर्षी २ ऑक्टोबरला मी वर्गात अहिंसेवर बोलते आणि दरवर्षी मागच्या बाकावर कोणीतरी कोणाची तरी पाठ बडवत असतं. म्हणून यंदा डिसेंबरात सातवीची अडतीस पोरं घेऊन यवतमाळहून थेट सेवाग्राम गाठलं. वर्ध्यापासून आठेक किलोमीटर.

पोरं सगळ्यात जास्त रेंगाळली ती बापूंच्या दफ्तरात, म्हणजे त्यांच्या कचेरीत. तिथल्या जुन्या टेलिफोनकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही, कारण तिथंच साप धरायचा चिमटा आणि पिंजरा आहे. १९३६ मध्ये गांधीजी आले तेव्हा हे सेगाव नावाचं खेडं होतं. (गजानन महाराजांच्या शेगावशी टपालाची गल्लत व्हायची, म्हणून १९४० मध्ये नाव बदललं.) साप-विंचू भरपूर. साप मारायचा नाही, धरून लांब सोडायचा, हा आश्रमाचा शिरस्ता.

"मॅडम, थो वापस आला तं?"

मी उत्तर शोधेपर्यंत दुसरा म्हणाला, "वापस धराचा." तिसरा, "अन् चावला तं?" हा वाद बसमध्ये कळंबपर्यंत चालला. माझ्या कोणत्याच भाषणावर एवढी चर्चा झालेली नाही.

बापूकुटी लवकर आटोपली. गांधीजींच्या शिष्या मीराबेन यांनी मातीच्या भिंतीवर उठवलेली ताडाची झाडं तेवढी मुलींनी वहीत काढून घेतली.

परचुरे कुटीपाशी मात्र आवाज बसले. परचुरे शास्त्री संस्कृतचे पंडित, त्यांना महारोग झालेला. अशा माणसाला लोक गावाबाहेर काढत, त्या काळात गांधीजींनी त्यांना आपल्या कुटीजवळ ठेवलं आणि स्वतःच्या हातांनी रोज मालिश केली. माझ्या वर्गात एका मुलाला कोड आहे. खिचडीच्या पंगतीत त्याच्या शेजारची जागा रिकामी राहते. तिथं मी तो विषय काढला नाही. दोन मुलींनी मात्र त्याच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

बसवाल्यानं दोन तासांत आटपा म्हणून घाई केली, त्यामुळे नई तालीमचा परिसर राहूनच गेला. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेत मांडलेलं, हातानं काम करत शिकायचं शिक्षण तिथं रुजलं, आणि मास्तरीणबाईच ते न बघता परतल्या! पुरते तीन तास ठेवा. हिवाळ्यातच जा, मे महिन्यात वर्ध्याचं ऊन पोरांना सोसायचं नाही. आणि दफ्तर शेवटी दाखवा, नाहीतर पिंजऱ्यापुढून कोणी हलत नाही.